इंग्रजीत बेणे मागताना



उसाच्या जातींमधला 'को' म्हणजे कोइमतूर. तिथल्या १९१२ साली निघालेल्या ऊस पैदास संस्थेला पत्र लिहायचे तर बहुधा इंग्रजीतच लिहावे लागते. परवा एका सभासदाचा मुलगा असेच पत्र दाखवायला आमच्याकडे आला. त्यात लिहिले होते, 'आय लाइक को ८६०३२ सीड'. म्हणजे, मला हे बेणे आवडते. वाचणारा म्हणेल, बरं मग? आडसाली लागण तोंडावर, अन् पत्रात मागणीच नाही!

मागायचे तेव्हा 'वुड लाइक' लिहावे आणि वस्तूचे नाव लगेच पुढे ठेवावे : 'आय वुड लाइक को ८६०३२ सीड'. अर्थ 'हवे आहे' हाच, पण अदबीने. नामाआधी 'टू' घालू नये. तो क्रियापदाआधी येतो, जसे 'आय वुड लाइक टू बाय सीड'. कर्ता 'ही' असो की 'दे', 'वुड लाइक' बदलत नाही.

पाहुण्याला 'डू यू लाइक टी?' म्हटले तर नुसती आवड विचारली. 'वुड यू लाइक टी?' म्हटले की चहा टाकावा लागतो!

घरातल्या शिकत्या पोरांना हे जरूर वाचून दाखवा. आपले अर्ज आता तीच लिहितात.