उच्च शिक्षणाचे मोल कोणी द्यावयाचे?

महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थी जे शुल्क भरतो, त्यातून त्याच्या शिक्षणाचा सारा खर्च भागतोच असे नाही. अध्यापकांचे वेतन, प्रयोगशाळा, ग्रंथालय यांचा भार पुष्कळदा त्याहून फार मोठा असतो. हा फरक सरकारने सोसावा, सहाध्यायांनी सोसावा की स्वतः विद्यार्थ्याने, हाच शुल्कवाढीच्या वादातील मूळ प्रश्न होय.

कर्नाटकातील खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांच्या निमित्ताने या प्रश्नाची कसोटी लागली. १९८९ साली तेथील सरकारने जे दर ठरविले, त्यांनुसार सरकारी जागेवरील विद्यार्थ्यास वर्षाला २,००० रुपये, राज्यातील इतरांस २५,००० पर्यंत आणि परप्रांतीयांस ६०,००० पर्यंत शुल्क पडू लागले. वर्ग एक, अध्यापक तेच, परंतु मोल मात्र तिहेरी! मीरतच्या एका विद्यार्थिनीने याविरुद्ध दाद मागितली आणि १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही वाढीव आकारणी अवैध ठरविली.

पुढील वर्षी न्यायालयानेच एक योजना आखून दिली. व्यावसायिक महाविद्यालयांतील निम्म्या जागा अल्प शुल्काच्या व निम्म्या अधिक शुल्काच्या असाव्यात, आणि दुसऱ्यांनी पहिल्यांचा भार उचलावा, अशी ती व्यवस्था होती. हेतू उदात्त होता. फळ मात्र विपरीत आले. उत्तम शाळांत शिकलेली सधन घरची मुले गुणांच्या बळावर स्वस्त जागा मिळवीत आणि चार गुण कमी पडलेला खेड्यातील मुलगा कर्ज काढून त्यांचा खर्च भरी. २००२ साली अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ही योजना रद्द केली. संस्थांना शुल्क ठरविण्याची मोकळीक मिळाली. परंतु नफेखोरी व प्रवेशासाठी घेतली जाणारी देणगी निषिद्ध ठरली. २००३ च्या निकालानंतर त्यावर देखरेख ठेवण्यासाठी राज्यांत निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समित्या आल्या.

तथापि, अशी समिती संस्थेचा खर्च तपासते, पालकाची मिळकत नव्हे. हिशेबाने वाजवी ठरलेले शुल्कही शेतमजुराच्या आवाक्याबाहेर असू शकते. तेथे शिष्यवृत्तीवाचून दुसरा उपाय नाही; आणि तीही वेळेवर हवी. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी मंजूर केलेल्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ते साहाय्य पदवी मिळाल्यावर नव्हे, प्रस्थानापूर्वी मंजूर झाले होते. शुल्क भरण्याच्या दिवशी हाती नसलेले साहाय्य गरीब विद्यार्थ्याला सावकाराच्या दारात उभे करते, हे विसरून चालणार नाही.