विद्युत सायकलींसाठी बंदिस्त गिअर-रचना : नांदेड व लातूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नांदेड आणि लातूर ही मराठवाड्यातील शहरे शिक्षणाची केंद्रे म्हणून ओळखली जातात. शिकवणी वर्गांसाठी खेड्यापाड्यांतून येथे येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सायकल हे आजही स्वस्त आणि खात्रीचे वाहन आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील व्याख्येनुसार ज्या सायकलीची विद्युत मोटर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी शक्तीची आहे आणि ताशी २५ किलोमीटर वेगापर्यंतच मदत करते, तिची गणना मोटार वाहनात होत नाही. त्यामुळे वाहन चालविण्याच्या परवान्याचे वय न झालेल्या मुलामुलींनाही अशी सायकल वापरता येते. मात्र शाळा गाठून देणारे वाहन वरचेवर नादुरुस्त होत असेल, तर त्या सोयीला अर्थ उरत नाही. या दृष्टीने विद्युत सायकलीची गिअर-रचना कशी असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बाह्य आणि बंदिस्त रचना

गिअरच्या सायकलींमध्ये सर्वत्र आढळणारी रचना म्हणजे डिरेलर होय. मागील चाकावर लहान-मोठी दंतचक्रे ओळीने बसविलेली असतात आणि स्प्रिंगवर ताणलेला एक पाय साखळीला एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलतो. ही रचना हलकी व स्वस्त असून स्वच्छ स्थितीत तिच्यात शक्तीचा अपव्यय फार कमी होतो. तथापि तिचे सर्व भाग उघडे असतात.

बंदिस्त रचनेत गिअर मागील चाकाच्या हबमध्ये, म्हणजे आरे ज्याला जोडलेले असतात त्या मधल्या दंडगोलात, तेलात किंवा ग्रीसमध्ये राहतात. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे १९०२ मध्ये स्थापन झालेल्या स्टर्मी-आर्चर कंपनीने तीन गिअरचे असे हब लोकप्रिय केले. त्याचे कार्य सूर्यमालेच्या उपमेने सहज समजते. आसाला पक्के बसविलेले मधले दंतचक्र हा सूर्य. त्याभोवती फिरणारी छोटी चक्रे हे ग्रह. आणि आतल्या बाजूने दाते असलेले मोठे कडे या सर्वांना वेढून असते. त्या कंपनीच्या प्रसिद्ध हबमध्ये सूर्याला २० आणि कड्याला ६० दाते असतात. ग्रहांच्या चौकटीला गती देऊन ती कड्यातून बाहेर काढली, तर वेग १ + २०/६०, म्हणजे १.३३ पट होतो. हीच क्रिया उलटी केली, तर तो ०.७५ पट होतो. थेट जोडणी हा तिसरा गिअर होय.

हे प्रमाण व्यवहारात पुरेसे आहे का, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. पुढील चक्राला ४४ व मागील चक्राला २० दाते, चाकाचा परीघ सुमारे २.०७ मीटर आणि पायडलचे मिनिटाला ६० फेरे गृहीत धरल्यास तीन गिअरमध्ये ताशी अनुक्रमे सुमारे १२, १६ आणि २२ किलोमीटर वेग मिळतो. मोटरची मदत २५ किलोमीटरला थांबत असल्याने सपाट भागात याहून अधिक गिअरची गरज सहसा पडत नाही.

मोटरचे स्थान : कळीचा मुद्दा

भारतात विकल्या जाणाऱ्या विद्युत सायकलींपैकी बहुसंख्य सायकलींची मोटर मागील हबमध्येच असते. जेथे बंदिस्त गिअर बसावेत ती जागा मोटरने आधीच व्यापलेली असते. म्हणून अशा सायकलींना एकच गिअर असतो किंवा डिरेलर जोडलेला असतो. त्यात मोटर चाकाला थेट फिरवते आणि साखळीवर केवळ चालकाच्या पायांचा जोर येतो.

मोटर पायडलपाशी असेल, तर चित्र बदलते. सर्वसाधारण व्यक्ती सातत्याने सुमारे १०० वॅट शक्ती देऊ शकते. तिच्यात मोटरच्या सुमारे २५० वॅटची भर पडली की साखळीवरील भार साडेतीन पटीच्या घरात जातो. डिरेलरची अरुंद साखळी तिरकी धावत असल्याने ती लवकर झिजते. बंदिस्त गिअरमध्ये साखळी सरळ रेषेत राहते, ती रुंद घेता येते आणि तिच्यावर पूर्ण कव्हर बसविता येते. मात्र हबही हा भार सोसणारे हवे. शिमानो कंपनीचे पाच गिअरचे इंटर-५ई हब विद्युत सायकलींसाठीच तयार करण्यात आले. जर्मनीतील पिनियन कंपनीने तर २०२३ मध्ये मोटर आणि गिअरपेटी एकाच आवरणात आणली. परंतु तिला खास चौकट लागते आणि तिची किंमत सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर आहे. मोटर पुढील चाकात बसविणे हा तिसरा मार्ग होय. तो सोपा असला, तरी चिखलात पुढचे चाक घसरण्याचा धोका त्यात असतो.

स्थानिक परिस्थिती

या परिसरातील काळी माती पाण्याने फुगते आणि चिकट होते. पावसाळ्यात पाणंद रस्त्यावरून येणाऱ्या सायकलीच्या डिरेलरमध्ये हा चिखल भरतो, तर उन्हाळ्यात तेलकट साखळीवर फुफाटा बसून तिची जणू कानस होते. शिकवणीच्या दारात दाटीवाटीने लावलेल्या सायकली एकमेकींवर पडल्या, की डिरेलरचा पाय वाकतो. बंदिस्त हबला यांपैकी कशाचीही फारशी झळ पोहोचत नाही. शिवाय त्यातील गिअर सायकल थांबलेली असतानाही बदलता येतो. चौकात थांबून पुन्हा निघताना याचा उपयोग होतो.

सर्वच भाग सपाट मात्र नाही. गोदावरीकाठच्या नांदेडहून किनवट-माहूरच्या डोंगराळ भागाकडे गेल्यास तीन गिअर अपुरे पडतात. तेथे अधिक व्याप्तीचे हब किंवा चांगल्या प्रतीचा डिरेलरच योग्य ठरेल.

मर्यादा

बंदिस्त हब वजनाने जड व किमतीने महाग असते आणि त्यात शक्तीचा अपव्यय थोडा अधिक होतो. जोर लावलेला असताना गिअर बदलल्यास आतील दात्यांना इजा पोहोचते. म्हणून त्या क्षणी मोटरचा जोर कमी करण्याची सोय आवश्यक असते. पंक्चर काढणे तितकेसे अवघड नाही, कारण आपल्याकडील कारागीर बहुधा चाक न उतरविताच ट्यूब बाहेर काढतात. टायर बदलताना मात्र गिअरची तार सोडावी लागते आणि आसाचे खाचेचे वॉशर जसेच्या तसे परत बसवावे लागतात. खरी अडचण दुरुस्तीची आहे. डिरेलर डोळ्यांना दिसतो, त्यामुळे कोपऱ्यावरचा कारागीर तो पाहून सरळ करू शकतो. हबच्या आतले मात्र शिकल्याशिवाय कळत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की गिअरची निवड मोटरच्या स्थानावर अवलंबून असते. मागील हबमध्ये मोटर असलेल्या सायकलीला सपाट भागात एकच गिअर आणि पूर्ण झाकलेली साखळी पुरेशी आहे. पायडलपाशी मोटर असल्यास भार सोसणारे बंदिस्त हब अधिक हिताचे ठरते. गिअरची संख्या पाहून सायकल घेण्यापेक्षा मोटर कोठे आहे आणि साखळी झाकता येते का, हे ग्राहकाने प्रथम पाहावे. नांदेड व लातूर येथील शासकीय तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी सायकल कारागिरांसाठी हब उघडणे, तेल बदलणे व तार जुळविणे यांचे अल्प मुदतीचे प्रशिक्षण सुरू केल्यास हे तंत्र या भागात रुजू शकेल. बिघडलेली सायकल गावातच दुरुस्त होणार असेल, तरच खेड्यातील मुलगी तिच्या भरवशावर शाळेला निघेल.