हेडर गार्डची शिस्त तपासणाऱ्या स्क्रिप्टचे परीक्षण : एक विवेचन

प्रस्तावना

सी आणि सी++ या भाषांत लिहिलेल्या मोठ्या संगणक प्रणालीतील बहुतेक हेडर फाईलींच्या आरंभी दोन आणि अखेरीस एक अशा तीन ठरावीक ओळी आढळतात. त्यांना हेडर गार्ड असे म्हणतात. फाईलींची संख्या शेकड्यांत गेली की ही शिस्त प्रोग्रॅमरच्या स्मरणशक्तीवर सोपवून चालत नाही. मग ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली जाते. अशी स्क्रिप्ट जेमतेम वीस-तीस ओळींची असते आणि बहुधा त्यामुळेच तिचे परीक्षण घाईने उरकले जाते. प्रस्तुत लेखात अशा स्क्रिप्टचे परीक्षण करताना नेमके काय पाहावे याचे विवेचन बिटकॉइन कोअर या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातील एका उदाहरणाच्या आधारे केले आहे.

हेडर गार्डचे कार्य

'#इनक्लूड' ही सूचना भेटताच प्रीप्रोसेसर संबंधित हेडर फाईलचा मजकूर त्या जागी जसाच्या तसा उतरवतो. एक हेडर दुसऱ्या हेडरला व दुसरा तिसऱ्याला बोलावतो. त्यामुळे एकच फाईल एका संकलनात अनेक वाटांनी येऊन पोहोचते. तिच्यात एखाद्या क्लासची व्याख्या असेल तर ती दोनदा येते आणि कम्पायलर काम थांबवतो. हे टाळण्यासाठी '#इफएनडेफ' या सूचनेने एक विशिष्ट नाव पूर्वी नोंदले गेले आहे का हे विचारले जाते. नसेल तर '#डिफाइन'ने ते नोंदले जाते आणि पुढील मजकूर घेतला जातो. असेल तर '#एन्डइफ'पर्यंतचा सर्व मजकूर वगळला जातो.

या योजनेचा सारा भार त्या नावावर आहे. दोन वेगवेगळ्या हेडर फाईलींनी नकळत एकच नाव घेतले, तर ज्या संकलनात दोन्ही येतात तेथे नंतर आलेल्या फाईलचा मजकूर पूर्णपणे गळून पडतो, आणि तो गळाला याची सूचना कोणीही देत नाही. पुष्कळदा पुढे कोठेतरी 'हे नाव घोषित केलेले नाही' अशी तक्रार येते व शोध सुरू होतो. हा त्यातल्या त्यात सुदैवी प्रकार होय. समजा, पहिल्या हेडरमध्ये दशांश संख्या स्वीकारणारे फंक्शन आहे आणि त्याच नावाचे, 64 बिटांच्या पूर्णांकासाठीचे फंक्शन दुसऱ्यात आहे. दुसरा हेडर गळाला तरी संकलन बिनबोभाट पार पडते. पूर्णांकाचे दशांश संख्येत रूपांतर होते आणि पहिले फंक्शन वापरले जाते. 2 च्या 53 व्या घातापलीकडील प्रत्येक पूर्णांक त्या रूपात अचूक मावत नाही. उत्तर चुकते, पण कम्पायलर गप्प राहतो. रकमांचा हिशेब करणाऱ्या प्रणालीत अशा मौनाची किंमत काय होऊ शकते हे वेगळे सांगावयास नको.

म्हणूनच मोठे प्रकल्प गार्डचे नाव फाईलच्या मार्गावरून यांत्रिकपणे बनवतात. बिटकॉइन कोअरच्या नियमानुसार 'फू' या डिरेक्टरीतील 'बार' नावाच्या हेडरचे गार्ड 'बिटकॉइन_फू_बार_एच' असे, तेही कॅपिटल अक्षरांत असावे. गूगलच्या सी++ शैलीनियमांत प्रकल्प, मार्ग व फाईल या क्रमाने नाव बनवून शेवटी आणखी एक अधोरेषा दिली जाते. अधोरेषांबाबत एक गोष्ट येथेच नोंदवणे इष्ट. नावाच्या आरंभी दोन अधोरेषा किंवा एक अधोरेषा व लगेच कॅपिटल अक्षर अशी रचना भाषेच्या प्रमाणकाने कम्पायलर व प्रमाण ग्रंथालयासाठी राखून ठेवली आहे. सी++ मध्ये तर लागोपाठ दोन अधोरेषा नावात कोठेही चालत नाहीत. तरीही आरंभी व शेवटी दोन-दोन अधोरेषा देण्याची सवय जुन्या आज्ञावलींत सर्रास दिसते. प्रकल्पाच्या नावाचा उपसर्ग लावण्याची रूढी या दोषातूनही आपोआप सुटका करते.

उदाहरणादाखल घेतलेली स्क्रिप्ट

बिटकॉइन कोअरमध्ये ही तपासणी करणारी स्क्रिप्ट 2018 मध्ये बॅश शेलमध्ये लिहिली गेली. तिची रीत सरळ होती. गिटच्या नोंदीतील सर्व हेडर फाईलींची यादी घ्यावयाची, त्यातून लेव्हलडीबीसारखा बाहेरून आणलेला कोड वगळावयाचा, उरलेल्या प्रत्येक फाईलच्या मार्गातील पहिला भाग काढून टाकून बाकीच्यावरून अपेक्षित नाव बनवावयाचे, आणि त्या नावासह '#इफएनडेफ' किंवा '#डिफाइन'ने सुरू होणाऱ्या ओळी मोजावयाच्या. संख्या 2 भरली नाही तर अपेक्षित गार्ड छापून शेवटी अपयशाचा संकेतांक परत करावयाचा. 2022 मध्ये हीच तपासणी पायथनमध्ये आणली गेली व शेवटच्या '#एन्डइफ' ओळीवरील टिपणीही मोजणीत धरली गेली.

ही रचना उपयुक्त आहे यात शंका नाही. चूक दाखवताना अपेक्षित ओळीही छापणे हा तर तिचा विशेष गुण मानावा लागेल, कारण नव्या प्रोग्रॅमरला नियम शोधत बसावे लागत नाही. तथापि परीक्षकाचे काम कौतुकाशी संपत नाही. स्क्रिप्ट ज्याला 'बरोबर' म्हणते ते आणि प्रकल्पाला जे हवे आहे ते, या दोहोंत अंतर किती, हा त्याचा खरा प्रश्न होय.

मोजणी आणि अर्थ यांतील अंतर

मूळ रूपातील शोधसूत्र ओळीच्या आरंभाशी बांधलेले होते, शेवटाशी नव्हते. याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. 'नेट' या हेडरची पहिली ओळ 'बिटकॉइन_नेट_एच' अशी अचूक आहे, पण '#डिफाइन'च्या ओळीत चुकून शेवटचे 'एच' दोनदा उमटले, असे समजू. दोन्ही ओळी अपेक्षित नावानेच सुरू होत असल्याने मोजणी 2 भरते व स्क्रिप्ट फाईल पास करते. प्रत्यक्षात मात्र विचारले जाणारे नाव कधीच नोंदले जात नाही. गार्ड दिसतो, पण राखण करत नाही. हेडरमध्ये त्या वेळी केवळ फंक्शनच्या घोषणा असतील तर त्या दोनदा आल्याने काही बिघडत नाही आणि दोष झाकलेला राहतो. काही महिन्यांनी दुसरा कोणी तेथे एक क्लास लिहितो आणि ज्याचा मूळ चुकीशी संबंध नाही अशा त्या माणसाच्या कामात त्रुटी उद्भवते.

उलट दिशेनेही हेच सूत्र फसते. त्याच हेडरमध्ये 'बिटकॉइन_नेट_हॅंडलर' अशा नावाचा एखादा वैध मॅक्रो ओळीच्या आरंभापासून लिहिला, तर इंग्रजी अक्षरांत त्याचाही प्रारंभ अपेक्षित नावासारखाच होतो. मोजणी 3 होते आणि निर्दोष फाईल अडवली जाते. नावानंतर ओळ संपलीच पाहिजे एवढी अट सूत्रात घातली की दोन्ही दोष एकदम मिटतात. परीक्षणात अशी एका चिन्हाची सुधारणा सुचवणे क्षुल्लक वाटते. तिचे मोल मात्र संपूर्ण तपासणीइतके आहे.

मोजणीची आणखी एक मर्यादा अशी की ती क्रम पाहत नाही. '#डिफाइन' आधी व '#इफएनडेफ' नंतर लिहिले तरी संख्या तीच. तसेच गार्ड संपूर्ण फाईलला वेढतो की मधल्याच भागाला, हेही तिला कळत नाही. हा दुसरा मुद्दा वेगाशीही निगडित आहे. फाईलचा सर्व मजकूर गार्डच्या आत असल्यास जीसीसीसारखा कम्पायलर ते लक्षात ठेवतो व पुढच्या वेळी ती फाईल उघडतही नाही. टिपण्यांखेरीज काहीही बाहेर राहिले की ही सवलत जाते.

नाव बनवण्याच्या पायरीत अधिक खोल प्रश्न आहे. मार्गातील तिरप्या रेषेची अधोरेषा करणे ही क्रिया उलटवता येत नाही. 'वॉलेट' डिरेक्टरीतील 'डीबी' हेडर आणि वरच्या पातळीवर कोणी निर्माण केलेला 'वॉलेट_डीबी' हेडर, दोघांनाही एकच नाव मिळते. मार्गाचा पहिला भाग गाळल्याने दोन वेगळ्या मुख्य डिरेक्टरींतील समान मार्गांचीही हीच गत होते. म्हणजे ज्या आपत्तीसाठी नियम केला तीच आपत्ती नियम तंतोतंत पाळून ओढवू शकते, आणि स्क्रिप्ट दोन्ही फाईलींना प्रामाणिकपणे उत्तीर्ण करते. यावर उपाय सोपा आहे. बनवलेली सर्व नावे एका यादीत ठेवून पुनरावृत्ती आढळल्यास थांबावे. परंतु प्रत्येक फाईलचा सुटा विचार करणाऱ्या रचनेत हा प्रश्न सुचतच नाही. तो परीक्षकाने विचारावा लागतो.

अपवाद, परिसर आणि प्रचलित कोड

वगळलेल्या फाईलींची यादी बारकाईने वाचावी. बाहेरून आणलेला कोड वगळणे रास्तच, कारण त्यातील गार्ड बदलले तर मूळ प्रकल्पाशी मेळ राखणे कठीण होते. पण स्वतःच्या गैरसोयीच्या फाईली त्याच यादीत हळूहळू शिरू लागतात, म्हणून प्रत्येक अपवादाचे कारण शेजारी लिहिलेले असावे. स्क्रिप्ट ज्या संगणकावर चालेल तेथील भाषेच्या मांडणीचाही विचार हवा. तुर्की भाषेत लहान 'आय'चे कॅपिटल रूप टिंबासह असते. कॅपिटल अक्षरे बनवणारी आज्ञा त्या मांडणीनुसार वागली तर नाव बिघडेल. वर उल्लेखिलेल्या बॅश स्क्रिप्टने आरंभीच 'सी' ही तटस्थ मांडणी ठरवून हा धोका टाळला होता. एका ओळीची ही दक्षता परीक्षणात काढून टाकली जाऊ नये.

नियम नव्याने लागू होतो तेव्हा जुन्या फाईलींची नावे बदलावी लागतात. काही कोड एखादे हेडर आले आहे का हे त्याच्या गार्डच्या नावावरूनच ओळखत असतो. ही पद्धत चांगली नव्हे, पण ती अस्तित्वात आहे. म्हणून नाव बदलण्यापूर्वी ते इतरत्र कोठे वापरले आहे का हे शोधून पाहणे आवश्यक ठरते.

चाचणीची रीत

स्वच्छ कोडवर स्क्रिप्ट चालवून ती काही बोलली नाही, एवढ्यावर समाधान मानणे ही परीक्षणातील नेहमीची त्रुटी होय. काहीच न तपासणारी स्क्रिप्टही असेच मौन पाळेल. परीक्षकाने मुद्दाम बिघडवलेल्या काही फाईली तयार कराव्यात : गार्ड नसलेली, दोन ओळींत भिन्न नावे असलेली, क्रम उलटा असलेली, नावात संयोगचिन्ह असलेली. संयोगचिन्हाचा प्रकार उद्बोधक आहे. स्क्रिप्ट त्याचे रूपांतर करत नसेल, तर तेथे मॅक्रोचे वैध नाव न होणारा शब्दच 'अपेक्षित' म्हणून सांगितला जाईल. प्रत्येक बिघाडावर संदेश येतो का आणि संकेतांक अपयशाचा येतो का, या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे पाहाव्यात. संदेश छापून यशाचा संकेतांक देणारी स्क्रिप्ट स्वयंचलित तपासणीत कोणालाही अडवत नाही.

काही काम स्क्रिप्टऐवजी इतर साधनांवर सोपवता येते. '#इफएनडेफ' आणि '#डिफाइन' यांतील नावांची विसंगती क्लँग कम्पायलर इशाऱ्याद्वारे दाखवतो; जीसीसीच्या 15 व्या आवृत्तीत, 2025 मध्ये, तसाच इशारा आला. हे कम्पायलर प्रीप्रोसेसरच्या नजरेने फाईल वाचतात, त्यामुळे शेवटचे अक्षर दोनदा उमटल्याचा वरील दोष त्यांच्या तावडीतून सुटत नाही. प्रकल्पाचा नामनियम मात्र त्यांना ठाऊक नसतो. '#प्रॅग्मा वन्स' ही एकच ओळ वापरली तर नावाचा प्रश्नच उरत नाही आणि प्रमुख कम्पायलर ती जाणतात. तथापि ती प्रमाणकाचा भाग नाही, आणि एकाच फाईलच्या दोन प्रती वेगवेगळ्या मार्गांनी आल्यास त्या एकच आहेत की भिन्न हे ठरवणे कम्पायलरवर सोपवले जाते. ज्या प्रकल्पाने ती ओळ स्वीकारली आहे, तेथे स्क्रिप्टचे काम त्या ओळीची उपस्थिती पाहण्याइतकेच राहते.