विश्लेषण : संगणक कोलमडतो तेव्हा पुरावा कुठे साठतो?

काम सुरू असताना पडदा अचानक निळा होतो, चार इंग्रजी ओळी दिसतात आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. दुरुस्तीच्या दुकानात अशा वेळी ठरलेले उत्तर मिळते : ‘फॉरमॅट मारू’. त्यात फोटो, हिशेब, मुलांचे प्रकल्प जाण्याची भीती असते आणि दोष रॅमचा असेल तर फॉरमॅटनंतरही पडदा निळा होतच राहतो. वास्तविक कोलमडण्याच्या क्षणी विंडोज स्वतःच घटनेचा पंचनामा लिहून ठेवते. मात्र ती सोय आधीपासून चालू असावी लागते.

पंचनाम्याने काय साधते?

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील विंडोज संगणक एकापाठोपाठ बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या सुमारे ८५ लाख होती. भारतातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. पुढे मायक्रोसॉफ्टने या संगणकांतील ‘क्रॅश डम्प’ तपासून आपले विश्लेषण प्रसिद्ध केले. क्राउडस्ट्राइकच्या ‘सीएसएजंट’ या ड्रायव्हरने मेमरीतील आपल्या हद्दीबाहेरचा भाग वाचण्याचा प्रयत्न केला, हे त्यातून स्पष्ट झाले. हाच डम्प घरच्या संगणकातही तयार होतो आणि तो उघडण्याचे साधनही मोफत मिळते.

डम्प म्हणजे काय आणि तो लिहिला कसा जातो?

विंडोजच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सावरता न येणारी चूक आढळली की पुढे काम चालू ठेवून माहिती बिघडवण्यापेक्षा ते सारे काही जागच्या जागी थांबवते. त्या क्षणी मेमरीत काय होते, कोणता ड्रायव्हर चालू होता, कोणता एरर कोड आला, याची नोंद म्हणजे डम्प. एरवीच्या पद्धतीने फाइल लिहिणे त्या वेळी भरवशाचे नसते. म्हणून ही माहिती आधी डिस्कवर राखून ठेवलेल्या ‘पेजफाइल’मध्ये ओतली जाते आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तिची रीतसर फाइल बनते.

निळ्या पडद्यावर टक्केवारीचा आकडा सरकताना दिसतो, तो याच नोंदीचा. नेमके त्याच वेळी वैतागून पॉवरचे बटण दाबून धरले जाते आणि पुरावा अर्धवट राहतो. आकडा शंभरावर जाईपर्यंत थांबावे. तेवढ्यात मोबाइलने पडद्याचा फोटो काढून ठेवावा, कोड पुढे उपयोगी पडतो. (विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत हा पडदा काळा झाला आहे. दुःखी चेहरा आणि क्यूआर कोड गेले, पण एरर कोड कायम आहे.)

सेटिंग कुठे असते?

स्टार्ट मेन्यूच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज’ लिहावे. उघडणाऱ्या खिडकीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या भागात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ दिसते. त्यातील ‘सेटिंग्ज’ बटण दाबावे. ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढली तर पडदा आपोआप जात नाही आणि कोड निवांत वाचता येतो. त्याखाली ‘राइट डीबगिंग इन्फर्मेशन’ची यादी असते. तिथे ‘नन’ निवडलेले असेल तर संगणक कितीही वेळा कोलमडला तरी डम्प तयार होणार नाही.

यादीतील ‘स्मॉल मेमरी डम्प’ अगदी छोटा. विंडोज फोल्डरमधील ‘मिनीडम्प’ फोल्डरमध्ये दर वेळी नवी फाइल जमा होते. फाइलच्या नावात तारीख असते, पण अमेरिकी पद्धतीने महिना आधी. म्हणजे ०७१९२४ याचा अर्थ १९ जुलै २०२४. ‘कर्नल’ आणि ‘ऑटोमॅटिक’ हे मोठे डम्प ‘मेमरी डॉट डीएमपी’ या एकाच फाइलमध्ये जातात आणि जुन्या फाइलवर नवी लिहिली जाते. ‘कम्प्लीट’मध्ये रॅममधील सगळे उतरते, त्यामुळे १६ जीबी रॅम असेल तर फाइलही तेवढी मोठी होऊ शकते. घरगुती वापरासाठी मुळात असलेले ‘ऑटोमॅटिक’ चांगले. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असेल तर ‘स्मॉल’ पुरे. फाइल दुसऱ्या ठिकाणी हवी असेल तर ‘डम्प फाइल’च्या चौकटीत दुसऱ्या ड्राइव्हचा पत्ता देता येतो. सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी रजिस्ट्रीत ‘डेडिकेटेड डम्प फाइल’ची वेगळी सोय आहे, घरी तिच्या वाटेला न गेलेले बरे.

फाइल सापडतच नसेल तर?

अनेकदा जागा वाचवण्यासाठी किंवा ‘स्पीड वाढवण्यासाठी’ कुणीतरी पेजफाइल बंद करून ठेवलेली असते. इंटरनेटवरचा हा सल्ला बराच महागात पडतो, कारण मग डम्प लिहायला जागाच उरत नाही. सी ड्राइव्हवर पेजफाइल ‘सिस्टीम मॅनेज्ड’ ठेवावी. ‘डिस्क क्लीनअप’सारखी सफाईची साधनेही डम्प पुसून टाकतात. डिस्कवर जागा कमी असेल तर विंडोज स्वतःही मोठा डम्प काढून टाकू शकते. ते टाळण्याची खूण त्याच सेटिंगच्या खिडकीत आहे.

तिसरी शक्यता अशी, की संगणक कोलमडलेलाच नसतो. वीज क्षणभर गेली किंवा पॉवर सप्लाय खचला, तर विंडोजला नोंद लिहायला वेळच मिळत नाही. अशा वेळी ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद सापडते आणि तिच्या तपशिलात बगचेक कोड शून्य असतो. मग ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा आधी यूपीएस, वायर आणि पॉवर सप्लाय तपासावा.

डम्प वाचायचा कसा?

मायक्रोसॉफ्टचे ‘विनडीबीजी’ हे साधन मोफत आहे, पण नवख्याला ते जड जाते. ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ हे छोटे सॉफ्टवेअर मिनीडम्प उघडून संशयित ड्रायव्हरची नावे दाखवते. मात्र त्यात दिसलेले पहिले नाव म्हणजे गुन्हेगार, असे समजू नये. विंडोजच्या गाभ्याची ‘एनटीओएसकर्नल’ ही फाइल वारंवार दिसते. बहुतेक वेळा ती फक्त घटनास्थळी हजर असते, चूक दुसऱ्याचीच असते.

एका डम्पवरून निष्कर्ष काढू नये, तीन-चार जमू द्यावेत. प्रत्येक वेळी ग्राफिक्सचा किंवा वाय-फायचा एकच ड्रायव्हर पुढे येत असेल तर तो अद्ययावत करावा. नव्या अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर मागची आवृत्ती परत आणावी. दर वेळी कोड वेगळा आणि ड्रायव्हरही वेगळा असेल तर संशय रॅमवर जातो. ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ रात्री चालू ठेवावे, रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून पाहावी. ‘व्हीआ अनकरेक्टेबल एरर’ असा कोड आला तर बहुधा हार्डवेअरची तक्रार असते. धुळीने भरलेला पंखा हे त्यामागचे एक साधे कारण असू शकते.

ही फाइल कुणालाही पाठवावी का?

‘कम्प्लीट’ डम्पमध्ये त्या क्षणी उघडी असलेली कागदपत्रे, संदेश, प्रसंगी पासवर्डही असू शकतात. सीए किंवा डॉक्टरांच्या संगणकाचा असा डम्प म्हणजे अशील आणि रुग्णांची माहिती. मदत मागताना मिनीडम्पच द्यावा. त्यात माहिती खूप कमी असली तरी तोही उघड्यावर टाकू नये. लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी मिनीडम्प फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे आणि फॉरमॅटचा विषय निघालाच, तर आधी त्या फाइली उघडून पाहायला सांगावे.