स्तंभावरच्या नावांचा शोध

भीमा-कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीकडून लढलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत. त्यांतली कित्येक नावे ‘नाक’ने संपतात. हा प्रत्यय महारांच्या नावांचा. म्हणून जात कळते. पण गाव, घर, मागे राहिलेली बायकापोरे? ते स्तंभ सांगत नाही.

मग शोधायचे कुठे? पलटणीच्या हजेरीपटांत, पेन्शनीच्या नोंदींत, अर्जांत. महारांची लष्करभरती बंद झाल्यावर शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली केलेला अर्ज याच शिपाईगिरीची साक्ष काढतो. दुसरा कागद वतनाचा. १९४१ साली आमच्या सिन्नरात बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार वतनावरील वाढीव कराविरुद्ध परिषद झाली. ज्या वतनाने आपल्याला गावचे वेठबिगार केले, त्याच्याच कागदांत पूर्वजांची नावे सापडतात. माझ्या पणजोबांचे नाव मी तिथेच प्रथम वाचले.

एक पथ्य मात्र पाळावे. ते शिपाई पोटासाठी लढले की पेशवाईविरुद्ध, हे त्यांनी लिहून ठेवलेले नाही; अक्षरच त्यांना नाकारलेले होते. आपले उत्तर त्यांच्या तोंडी घालू नये. विद्यार्थ्यांनी आधी घरच्या म्हाताऱ्यांना विचारावे, आणि ऐकलेले लिहून ठेवावे.