वाघाच्या शेजारचे गाव

आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला आहे. महाविद्यालयात नव्याने ओळख झालेल्या मित्राचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मग तू वाघ पाहिला असशील?" पाहिला आहे, दोनदा. परंतु न दिसताही वाघ आमच्या घरात कसा वावरतो, हे मात्र कोणी विचारीत नाही. ते सांगावे म्हणून हा लेखप्रपंच.

परीक्षेपूर्वी चार दिवस गावी गेलो होतो. मोहफुलांचे दिवस होते. मोह रात्री गळतो, म्हणून वेचायला पहाटेच जावे लागते. उशीर झाला तर फुले गुरे आणि हरणे खातात. माझी आत्या लहानपणापासून वेचायला जाते. यंदा मात्र टोपली ओसरीतच उपडी पडलेली दिसली. आदल्या वर्षी शेजारच्या गावातील एक बाई मोहाखाली वाकलेली असताना वाघाने मारली, तेव्हापासून आत्याने जाणे सोडले. मी वर्गात शिकलेले व्याघ्रसंवर्धनाचे महत्त्व तिला सांगू लागलो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाबू, वाघ मोजाले रानात क्यामेरे लावते. सकाळी रानात गेलेली बाई घरी आली का नाई, हे कोन मोजते?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून परत आल्यावर ग्रंथालयात बसून हा विषय मुळापासून समजून घेण्याचा प्रयत्न केला.

शिकार, कातड्यांचा व्यापार आणि जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाघांची संख्या झपाट्याने घटली होती. 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या गणनेत देशात केवळ 1827 वाघ असल्याचे दिसले. 1 एप्रिल 1973 रोजी 'व्याघ्र प्रकल्प' ही योजना सुरू झाली. तिचे पहिले संचालक कैलाश सांखला. आरंभी निवडलेल्या नऊ क्षेत्रांत कॉर्बेट, कान्हा, रणथंभोर, सुंदरबन यांच्या बरोबरीने आपले मेळघाटही होते. ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान 1955 पासूनचे. अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प 1995 मध्ये झाला.

एका वाघासाठी एवढा खटाटोप का, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर वाघाच्या पोटात आहे! एका वाघाला वर्षाकाठी चितळ-सांबरासारखी सुमारे पन्नास जनावरे लागतात. एवढी जनावरे दरवर्षी मारली जाऊनही कळप टिकायचा, तर रानात त्याच्या दसपट तरी जनावरे हवीत. त्यांना गवत हवे, गवताला माती हवी, सर्वांना पाणी हवे. म्हणजे वाघ राखायचा तर सारे रान राखावे लागते. वाघ हे निमित्त. जतन होते ते जंगलाचे आणि त्यातून उगम पावणाऱ्या नद्यांचे.

ही योजना निर्वेधपणे चालली असे मात्र नाही. पूर्वी पायाच्या ठशांवरून वाघ मोजत. ती पद्धत किती फसवी आहे हे राजस्थानातील सरिस्का येथे उघड झाले. कागदोपत्री वाघ होते. 2005 च्या सुमारास शोध घेतला तेव्हा रानात एकही उरला नव्हता. शिकाऱ्यांनी सारे संपवले होते. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले आणि स्वयंचलित कॅमेऱ्यांनी गणना होऊ लागली. आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणेच प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. छायाचित्रावरून तो ओळखता येतो. या पद्धतीने 2006 मध्ये देशातील वाघांचा अंदाज 1411 निघाला, तर 2022 मध्ये 3682. महाराष्ट्रात 2014 साली 190 वाघ होते, ते 2022 मध्ये 444 झाले. जगातील रानातल्या वाघांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश आज भारतात आहेत. ही गोष्ट खचितच अभिमानाची आहे.

पण आत्याच्या प्रश्नाचा उगमही याच यशात आहे. नर वाघ दोन वर्षांचा झाला की आईला सोडून स्वतःचा मुलूख शोधू लागतो. रान पूर्वीच भरलेले असेल तर तो बाहेर पडतो. शेते, रस्ते, वस्त्या ओलांडीत जातो. 2019 मध्ये गळ्यात रेडिओ-पट्टा बांधलेला एक तरुण वाघ यवतमाळच्या टिपेश्वरहून निघाला आणि तेलंगणात शिरून, भटकत भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. काही महिन्यांत त्याची सुमारे तीन हजार किलोमीटर पायपीट झाली. नकाशावरची हद्द आपल्याला समजते, वाघाला नाही.

म्हणूनच आता रानाइतकेच दोन रानांमधील वाटांचे महत्त्व मानले जाते. नागपूर-सिवनी महामार्गावर पेंचजवळ जनावरांसाठी नऊ मार्ग ठेवले आहेत, आणि वाघ त्यांखालून ये-जा करतात. गावांसाठीही काही प्रयत्न झाले आहेत. सरपणासाठी रानात जावे लागू नये म्हणून राज्याच्या जन-वन योजनेतून गॅस मिळतो. आमच्या भागातील मुले, आणि आता मुलीसुद्धा, पर्यटकांच्या वाटाड्या म्हणून मिळवत्या झाल्या आहेत. परंतु गॅसवर भाकरी भाजता येते, मोहफुले काही मिळत नाहीत. ज्याच्या घरी वाटाड्याची नोकरी नाही, त्याच्या वाट्याला वाघाचे भय तेवढे येते. वाघ साऱ्या देशाचा आणि त्याची किंमत मात्र काठावरच्या गावाने मोजायची, ही वाटणी न्याय्य नाही. मोहाच्या हंगामात पहाटे सोबतीला वनरक्षक देणे, वाघ फिरकलेल्या भागाची आगाऊ सूचना देणे, बुडालेल्या हंगामाची भरपाई देणे, हा खर्चसुद्धा वाघ राखण्याचाच खर्च मानला पाहिजे.

ताडोबाच्या तळ्याकाठी तारू देवाचे ठाणे आहे. हा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, असे सांगतात. पौषात तिथे यात्रा भरते. आमच्या पूर्वजांनी वाघाला मारून संपवले नाही आणि त्याने मारलेल्या माणसालाही विसरले नाही. दोघांचीही आठवण त्यांनी एकाच झाडाखाली ठेवली.

निघताना मी आत्याला विचारले, "आत्या, वाघ नसता तर बरं झालं असतं का?" तिने टोपलीवरची धूळ पदराने पुसली. "नाई रे," ती म्हणाली, "वाघ गेला का लाकूडतोडे येतीन. मंग मोह तरी कुठं राहीन?"

टोपली तिने पुन्हा ओसरीतच ठेवली. पण या वेळी उपडी नव्हे, सुलटी.