डोळ्यांची खाज एका थेंबाने थांबते ती कशी?

नाहूर म्हणजे मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंडच्या मधलं स्टेशन. जवळच गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचं काम, आजूबाजूला नव्या इमारतींची बांधकामं. त्यामुळे डोळे लाल झाले की इथे दोष जातो तो धुळीला. तो अर्धाच बरोबर आहे. सिमेंट-मातीच्या धुळीने डोळे चुरचुरतात, खुपतात आणि स्वच्छ पाण्याने धुतले की बरं वाटतं. ॲलर्जीची मुख्य खूण म्हणजे खाज, तीही बहुधा दोन्ही डोळ्यांना, चोळल्याशिवाय राहवणार नाही अशी. तिचं मूळ अनेकदा रस्त्यावर नसून घरातच, गादी-उशीत राहणाऱ्या धूळकिड्यांत असतं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हे जीव आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि मुंबईची दमट हवा त्यांना फार मानवते.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतून एक पातळ पडदा असतो. त्यात ‘मास्ट’ पेशी असतात. ॲलर्जी असलेल्या माणसात या पेशींवर ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडं आधीपासूनच चिकटून बसलेली असतात. धूळकिड्यांच्या विष्ठेतलं प्रथिन किंवा परागकण त्यांना येऊन भिडले, की काही मिनिटांत पेशी आपला साठा बाहेर टाकते. त्यातला मुख्य पदार्थ हिस्टामिन. तो मज्जातंतूंवरच्या ‘एच-१’ या जागांवर बसला की खाज सुटते. रक्तवाहिन्यांवरच्या जागांवर बसला की लाली आणि सूज येते.

लोकलमध्ये रुमाल टाकून जागा अडवावी, तसंच काम अँटिहिस्टामिन ड्रॉप करतो. हिस्टामिन नाहीसं होत नाही, त्याला बसायला जागा मिळत नाही, इतकंच. म्हणून खाज काही मिनिटांत कमी होते, पण लाली रेंगाळू शकते. ओलोपॅटाडिन, किटोटिफेन यांसारखी औषधं आणखी एक काम करतात: मास्ट पेशींना शांत ठेवतात, म्हणजे नवीन हिस्टामिन कमी सुटतं. त्रासाच्या दिवसांत डॉक्टर हे ड्रॉप रोज घालायला सांगतात ते यासाठी. खाज सुटल्यावरच बाटली शोधली, तर हा दुसरा फायदा फारसा मिळत नाही.

चोळल्याने क्षणभर बरं वाटतं, पण त्या दाबानेही मास्ट पेशी आणखी हिस्टामिन सोडतात. त्यापेक्षा थंड पाण्याची घडी ठेवलेली बरी.

खरा धोका मात्र ‘खाजेचा एखादा ड्रॉप द्या’ असं मेडिकलमध्ये सांगण्यात आहे. नॅफाझोलिनसारखं औषध रक्तवाहिन्या आकसवून डोळा पांढरा करतं, पण दिवसेंदिवस वापरलं तर असर उतरताच लाली पुन्हा उसळते. स्टिरॉइडच्या ड्रॉपने तर इतकं झटपट बरं वाटतं, की वर्षभरापूर्वीची चिठ्ठी दाखवून तोच पुन्हा आणला जातो. देखरेखीशिवाय तो चालू ठेवला तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो. हा दाब बहुधा दुखत नाही, पण दृष्टीची नस खराब करतो. ती नजर परत येत नाही. मोतीबिंदूचीही भीती असते. दरवर्षी डोळे खाजणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे जास्त घडू शकतं, कारण त्रास परत येतो आणि बाटलीही परत येते. त्यामुळे खोक्यावर ब्रँडखाली बारीक अक्षरांत छापलेलं औषधाचं नाव वाचावं. ते ‘सोन’ने संपत असेल (डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन हेही त्याच घरातलं), तर तो डॉक्टरांना विचारूनच घालावा.

एका वेळी एकच थेंब पुरतो. दुसरा गालावर ओघळतो. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर मिनिटभर हलका दाब द्यावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती आधी काढावी.

डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर धूसर झाली असेल किंवा घट्ट पिवळा चिपड येत असेल, तर ती साधी ॲलर्जी नसण्याची शक्यता मोठी. अशा वेळी ड्रॉप बदलत न बसता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं.